वाचकांचे प्रश्न : इंग्रजी येते, पण बोलवत नाही

गेल्या काही आठवड्यांत नाशिक शहर आणि जिल्ह्यातून या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी इंग्रजी बोलण्याच्या संकोचाविषयी होती. विशेष म्हणजे व्याकरणाची शंका एकाही पत्रात नाही. अडचण सांगणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी वाचता येते, बहुतेकांना लिहिताही येते. तोंड उघडण्याची वेळ आली की मात्र सारे अडते. म्हणून या अंकात निवडक पत्रांना एकत्र उत्तर देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर यंत्र अभियांत्रिकीची पदविका. ड्रॉइंग, ऑडिटचे अहवाल, ई-मेल हे सर्व मी इंग्रजीतच हाताळतो. शॉप फ्लोअरवरून प्रॉडक्शन प्लॅनिंगला बदली झाल्यापासून पुण्याच्या मुख्य कार्यालयाबरोबर दर आठवड्याला मीटिंग असते आणि तेथे माझी बोबडी वळते. उत्तर मला माहीत असते, पण मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो आणि माझ्या कामाविषयी दुसराच कोणी बोलतो. मनातील ही भीती आधी कशी घालवावी?
— एक वाचक, सिडको

उत्तर : आधी भीती जाईल आणि मग बोलता येईल, असा क्रम तुम्ही गृहीत धरला आहे. अनुभव याच्या उलट आहे. भीती असतानाच थोडेथोडे बोलले जाते, त्यातून काही अनर्थ ओढवत नाही हे मनाला पटत जाते आणि मग भीती ओसरते. निर्भय होण्याची वाट पाहत बसलेली माणसे वर्षानुवर्षे वाटच पाहताना मी पाहिली आहेत.

ही भीती आली कुठून, हे समजून घेतले तर तिचा दरारा कमी होतो. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्यापूर्वी शाळेत गेलेल्यांना ही भाषा पाचवीत भेटली आणि तीही बहुधा उत्तरपत्रिकेतच: रिकाम्या जागा भरा, काळ बदला, कर्मणीचे कर्तरी करा. या भाषेत आपण कोणाकडे पाणी मागितले नाही, कोणाशी भांडलो नाही, कोणाची थट्टा केली नाही; आपण केवळ उत्तरे दिली आणि ती कोणीतरी लाल शाईने तपासली. शाळा सुटली तरी तो तपासनीस मनातून उठून गेलेला नाही. एलेन हॉरविट्झ, मायकेल हॉरविट्झ आणि जोआन कोप या अभ्यासकांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातील चिंता मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. या चिंतेत त्यांना तीन धागे दिसले: चारचौघांत बोलण्याचा धसका, परीक्षेची भीती आणि लोक आपल्याला कमी लेखतील ही धास्ती. तुमचे पत्र वाचताना हे तिन्ही धागे ओळीने दिसतात. याचा अर्थ हा तुमचा वैयक्तिक दुबळेपणा नसून जगभरच्या विद्यार्थ्यांत आढळणारी आणि अभ्यासली गेलेली अवस्था आहे.

ई-मेल जमते आणि मीटिंग जमत नाही, याचेही कारण आहे. स्टीफन क्रॅशन या भाषाशास्त्रज्ञांनी असे मांडले की, नियम शिकून मिळवलेले ज्ञान बोलताना एखाद्या देखरेख करणाऱ्यासारखे काम करते, मात्र त्यासाठी नियम माहीत असावा लागतो, वाक्याच्या शुद्धतेकडे लक्ष असावे लागते आणि मुख्य म्हणजे हाताशी वेळ असावा लागतो. क्रॅशन यांच्या सर्वच मतांवर विद्वानांचे एकमत नाही, परंतु हे निरीक्षण तुमच्या अडचणीला नेमके लागू पडते. ई-मेल लिहिताना तुमच्याकडे वेळ असतो, म्हणून तुमचा तपासनीस उपयोगी ठरतो. मीटिंगमध्ये वेळच नसल्याने तोच तपासनीस दार अडवून उभा राहतो. दहा भाषांतील संभाषणांची तुलना करणाऱ्या २००९ मधील एका अभ्यासात असे आढळले की, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग जातो. एवढ्या अवधीत मराठीतून विचार करून, त्याचे भाषांतर करून आणि ते तपासून कोणीही बोलू शकणार नाही. तेव्हा संपूर्ण वाक्य तयार झाल्यावरच तोंड उघडायचे, ही अट तुम्ही स्वतःवरून काढून टाका.

त्याऐवजी असे करा. बोलण्याचा हक्क मिळवून देणारी दोन-तीन ठरावीक सुरुवातीची वाक्ये जिभेवर बसवून घ्या: ‘लेट मी आन्सर दॅट’, ‘आय हॅव द नंबर्स’, ‘वन पॉइंट फ्रॉम प्लॅनिंग’. एवढे उच्चारले की सर्वजण तुमच्याकडे वळतात आणि पुढचे बोलण्यासाठी दोन-चार सेकंद मिळतात. त्यानंतर प्रथम आकडा सांगा, कारण सावकाश सांगा. तुमच्या खात्यात शिलकीचा माल किती, डिस्पॅच कधी, कोणती मशीन बंद, या माहितीलाच मोल आहे; ती द्यायला भाषेचे अलंकार लागत नाहीत. शक्य असल्यास मीटिंग घेणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून तुमचा विषय सुरुवातीला घ्यायला लावा. शेवटी बोलायचे असते तेव्हा माणूस तासभर धास्तीतच बसतो.

सरावासाठी कीथ मॉरिस यांनी सुचवलेली आणि भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी पुढे नेलेली एक पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. एकच विषय घ्यायचा, उदाहरणार्थ या आठवड्याचा उत्पादन आराखडा. तो एका श्रोत्याला चार मिनिटांत सांगायचा, दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच राहिल्याने काय बोलायचे ही चिंता उरत नाही आणि वेळ आवळत गेल्याने तपासनिसाला बसायला जागा मिळत नाही. तीन श्रोते कुठून आणायचे, असे विचाराल. कंपनीच्या बसमधील सहकारी, घरातील माणूस आणि तेही नसतील तर मोबाइलचा रेकॉर्डर. रेकॉर्डिंग ऐकताना चुका मोजत बसू नका, आपला मुद्दा पोहोचला का एवढेच पाहा.

लोक हसतील या धास्तीविषयीही सांगते. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. खोलीतील जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनाच ते आठवले. तुमच्या मीटिंगमधले लोकही बहुतांशी आपली पाळी आल्यावर काय बोलायचे, याच विवंचनेत असतात. आणि पुण्याचे कार्यालय म्हणजे काही लंडन नव्हे. एखादा शब्द अडला तर तो मराठीत बोलून पुढे जा. समोरच्यांपैकी कित्येक जण मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकतील.

प्रश्न : माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. आमचा माल आजवर निर्यातदारामार्फत युरोपात जात असे. यंदा आमच्या गटाने थेट बोलणी सुरू केली असून नेदरलँड्सच्या खरेदीदारांशी व्हिडिओ कॉल होतात. बोलण्याचे काम मुलगा करतो आणि मी शेजारी मान हलवत बसतो. बागेविषयीचे प्रश्न आले की तो माझ्याकडे पाहतो. मला शब्द सुचतात, पण माझे उच्चार गावठी आहेत, म्हणून लाज वाटते.
— एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : आपल्या कॉलवर ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे असा माणूस बहुधा एकही नसतो, ही गोष्ट आपल्या ध्यानात आली आहे का? समोरचे गृहस्थ घरी डच बोलतात. आपल्या देशापुरते पाहिले, तर २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा असल्याचे सांगणारे सुमारे २ लाख ६० हजार होते, तर दुसरी भाषा म्हणून ती सांगणारे ८ कोटींहून अधिक. म्हणजे ज्यांना आपण या भाषेचे धनी समजतो, ते संख्येने फारच थोडे आहेत आणि बाकी सारे आपल्यासारखेच नंतर शिकलेले आहेत.

उच्चारांबाबत एक अभ्यास आपल्या विशेष कामाचा आहे. जेनिफर जेनकिन्स या भाषाशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक परस्परांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा समजण्यात घोटाळा नेमका कशाने होतो, याचा शोध घेतला आणि २००० साली आपले निष्कर्ष मांडले. ‘थिंक’मधील ‘थ’ इंग्रजांसारखा निघाला नाही तरी अर्थाला फारशी बाधा येत नाही, असे त्यांना आढळले. स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घपणा, शब्दारंभीची जोडाक्षरे आणि वाक्यात कोणत्या शब्दावर जोर दिला आहे, यांमुळे मात्र घोटाळे होतात. त्यामुळे आपण ‘थ’ची चिंता सोडून द्यावी आणि लक्ष आकड्यांवर ठेवावे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत कानाला फरक थोडा, व्यवहारात तो केवढा! ‘फिफ्टीन’ म्हटल्यावर लगेच ‘वन, फाइव्ह’ असे सुटे अंक उच्चारावेत आणि कॉल संपताच आकडे, तारखा व दर मेसेजने लिहून पाठवावेत. याला अडाणीपणा म्हणत नाहीत. मोठे व्यापारीही आकडे असेच पक्के करतात.

शब्दांचे म्हणाल, तर थिनिंग (मण्यांची विरळणी), डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), ब्रिक्स (गोडीचे माप), रेसिड्यू (फवारणीच्या औषधांचा उरलेला अंश), पनेट (छोटा डबा), प्रीकूलिंग, कंटेनर हे शब्द आपण बांधावर रोजच वापरता. गोडी छाटणी कोणत्या तारखेला झाली, मण्याची साईज किती मिलिमीटर भरली, रेसिड्यूचा नमुना प्रयोगशाळेत कधी गेला, हे खरेदीदाराला आपल्याइतके खात्रीने मुलगाही सांगू शकणार नाही. माझी सूचना अशी की, दर आणि कागदपत्रे मुलाकडे राहू द्यावीत आणि बागेचा भाग आपण घ्यावा, तोही खोलीत बसून नव्हे. मोबाइल हातात घेऊन बागेत उभे राहा, घड कॅमेऱ्यासमोर धरा आणि ‘सी, धिस बंच, एटीन मिलिमीटर’ एवढेच म्हणा. क्रियापद नाही म्हणून कोणी कंटेनर परत पाठवत नाही. समोरच्याचे बोलणे भरभर वाटले तर ‘प्लीज स्पीक स्लोली’ असे सांगण्यात कमीपणा नाही. सर्व समजल्यासारखी मान हलवण्यानेच पुढे नुकसान होते.

प्रश्न : ताई, मी पेठ तालुक्यातली आहे आणि नाशिकमध्ये नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या घरी कोकणा बोली बोलतात, शाळा मराठीतून झाली. मी ‘शी गो’ म्हणते आणि मैत्रिणी हसतात. ‘शी गोज’ हा नियम मला पाठ आहे, परीक्षेत तो चुकत नाही, बोलताना मात्र हमखास चुकतो. वॉर्डमध्ये सिस्टरना रुग्णाची माहिती इंग्रजीत द्यायची असते, तेव्हा मी मागे उभी राहते.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : नियम पाठ असूनही तो तोंडी येत नाही, याचा तुझ्या बुद्धीशी काही संबंध नाही. इंग्रजी शिकणारे लोक कोणत्या क्रमाने कोणती रूपे आत्मसात करतात, यावर १९७० च्या दशकात बरेच संशोधन झाले. निरनिराळ्या मातृभाषांच्या शिकणाऱ्यांत तो क्रम पुष्कळसा सारखा आढळला आणि ‘गोज’मधला शेवटचा प्रत्यय त्यात उशिरा येणाऱ्यांपैकी निघाला. चालू क्रिया दाखवणारे ‘गोइंग’सारखे रूप त्याच्या कितीतरी आधी बसते. हा प्रत्यय ऐकून-बोलून यथावकाश येईल. तोवर तो नसल्याने रुग्णाला ताप आहे की नाही, हे कळायचे कोणाचे राहत नाही.

मैत्रिणींचे हसणे बोचते, हे खरे आहे आणि ते हसण्यावारी ने, असे मी सांगणार नाही. त्यांतल्या ज्या एकीजवळ तुला मोकळे वाटते तिला एकांतात सांग, की चूक दुरुस्त करायची असेल तर माझे बोलणे पूर्ण झाल्यावर कर. बाकीच्यांना तोंड देण्यात शक्ती घालवू नकोस. त्यांच्यातल्या कितीजणी घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि कॉलेजात तिसरी अशी वाट चालून आल्या आहेत? एक नवी भाषा तू यापूर्वीच शिकली आहेस, ती मराठी; आणि ती शिकताना तुझ्या मनात कोणी तपासनीस बसवला नव्हता, म्हणून ती तुला आली.

वॉर्डमधील प्रश्नावर एक तयार उपाय आहे. रुग्णाची माहिती देण्यासाठी अनेक रुग्णालयांत ‘एसबीएआर’ (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) नावाचा साचा वापरतात. तो मूळचा अमेरिकी नौदलातला आणि तेथून वैद्यकीय क्षेत्रात आलेला आहे. सध्याची स्थिती, पूर्वपीठिका, आपले निरीक्षण आणि काय करावे असे वाटते, या चार टप्प्यांत बोलायचे असते. वॉर्डात जाण्यापूर्वी एका रुग्णाची माहिती या चार टप्प्यांत, प्रत्येकी एका छोट्या वाक्यात, खोलीवर मोठ्याने म्हणून पाहा. ‘बेड नंबर सिक्स, फीव्हर सिन्स मॉर्निंग, टेंपरेचर वन झिरो टू’ असे सुटसुटीत बोलणे घाईच्या वॉर्डात लांबलचक वाक्यांपेक्षा अधिक पसंत केले जाते. पुढच्या वेळी मागे उभी राहू नकोस. सिस्टरना आपण होऊन सांग की, आज एका रुग्णाची माहिती मी देते. एकाच रुग्णाची.

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. पालकसभेत मी मराठीतून बोलले, तर घरी येऊन तो म्हणाला, ‘आई, तू शाळेत बोलत जाऊ नकोस.’ तेव्हापासून सभेला त्याचे बाबाच जातात.
— एक गृहिणी, इंदिरानगर

उत्तर : पुढच्या सभेला तुम्हीच जा आणि मराठीतच बोला. नाशिकच्या शाळेतील बहुतेक शिक्षिकांना मराठी समजते आणि मुलाच्या अभ्यासाविषयी विचारण्यासाठी पालकाने इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा कोठेही नियम नाही. चौथीतल्या मुलाने ही लाज स्वतः शोधून काढलेली नाही. ती त्याने मोठ्यांच्या वागण्यातून उचलली आहे. त्यामुळे त्याच्यावर रागावू नका, परंतु त्याच्या म्हणण्यानुसार घराचा कारभारही बदलू नका. आईच्या जागी बाबांनी जाणे, हा मला तरी चुकीचा निर्णय वाटतो, कारण त्यामुळे मुलाची समजूत खरी ठरली.

तुम्हाला इंग्रजी बोलायचे असेल, तर ते मुलासाठी नव्हे, स्वतःसाठी शिका. त्यासाठी घरातच चांगली देवघेव होऊ शकते. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे आणि इंग्रजी माध्यमातील मुलांना तोच पुष्कळदा जड जातो. रोज काही वेळ तुम्ही त्याचे मराठी वाचन घ्या आणि तेवढाच वेळ त्याने तुमच्याशी इंग्रजीत गप्पा माराव्यात. अट एकच: वाक्य पूर्ण होईपर्यंत कोणी कोणाला अडवायचे नाही. त्याचे ‘सत्तेचाळीस’ आणि ‘सदतीस’ चुकेल तेव्हा तुम्ही कसे वागता, हे तो नीट पाहील आणि तसाच तो तुमच्याशी वागेल.

प्रश्न : स्पोकन इंग्लिशच्या क्लासने आत्मविश्वास येतो का? आणि इंग्रजीतूनच विचार करावा, असे म्हणतात ते खरे का?
— एक पदवीधर, पंचवटी

उत्तर : क्लासची फी विचारण्यापूर्वी एका तुकडीत मुले किती असतात, हे विचारा. तासाच्या वर्गात ३० मुले असतील आणि शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत, असे धरले तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. सहा-सात जणांचा मित्रांचा गट कट्ट्यावर जमला, तर याहून जास्त बोलणे होते. इंग्रजीतून विचार करण्याचा आटापिटा करू नका. जे वाक्य शंभरदा बोलून झाले आहे, ते मराठीतून येत नाही. ते थेट तोंडात येते. बाकीची वाक्ये मराठीतून वळून आली, तर येऊ द्यावीत.

प्रश्न : नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. मुलगी कॅनडात असते. नातवाला मराठी समजते, पण तो बोलतो इंग्रजीतच. व्हिडिओ कॉलवर ‘हाऊ आर यू’च्या पुढे माझी गाडी जात नाही. या वयात इंग्रजी बोलणे जमेल का?
— एक ज्येष्ठ नागरिक, जेलरोड

उत्तर : जमेल. वय वाढल्यावर परभाषेचे उच्चार मातृभाषकांसारखे होणे अवघड जाते, पण नवे शब्द आणि वाक्ये शिकण्याची दारे बंद होत नाहीत. आणि नातवाला आपले उच्चार कॅनडातल्या माणसासारखे व्हावेत, अशी अपेक्षाही नसेल. आपली गाडी अडते ती भाषेमुळे कमी आणि विषय नसल्यामुळे जास्त. खुशालीच्या प्रश्नाला मुले एका शब्दात उत्तर देतात आणि मग दोन्हीकडे शांतता पसरते. त्याला एखादी गोष्ट दाखवायला सांगा: त्याचे दप्तर, खिडकीबाहेरचा बर्फ, नवे चित्र. समोर वस्तू असली की ‘व्हॉट इज धिस?’ आणि ‘हू गेव्ह यू?’ एवढ्या प्रश्नांवर अर्धा तास सहज जातो. आपल्याकडूनही त्याला काही सांगण्यासारखे असावे. नोटा छापल्या जातात त्या ठिकाणी आजोबा कामाला होते, हे कळल्यावर तोच आपल्याला प्रश्न विचारू लागेल. कारखान्यातील जे बाहेर सांगण्याजोगे आहे, तेवढ्याची पाच-सहा इंग्रजी वाक्ये कॉलच्या आदल्या दिवशी वहीत लिहून, दोनदा मोठ्याने वाचून ठेवा. मध्येच मराठीत गेलात तरी नातवाला ते समजते, असे आपणच लिहिले आहे.